चार, सहा की आठ सिलेंडर? सेकंडहँड मस्टँग, चार्जर, कॅमॅरो घेण्याआधी

अमेरिकेत जुनी फोर्ड मस्टँग, डॉज चार्जर किंवा शेव्हरोले कॅमॅरो शोधायला बसलं की एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्यांच्या किमतीत काही हजार डॉलरचा फरक दिसतो. बाहेरून दोन्ही जवळजवळ सारख्याच. फरक बॉनेटखाली असतो. विकणारा हॉर्सपॉवरचा आकडा सांगतो आणि घेणारा त्यावर भुलतो. पण पुढची पाच-सात वर्षं त्या इंजिनाला कोणतं पेट्रोल लागेल, त्याचं काय बिघडेल आणि ते दुरुस्त करायला किती उघडावं लागेल, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. घरात एकच गाडी असेल आणि तीच रोज ऑफिसला न्यायची असेल, तर सहा सिलेंडर घ्या. आठ सिलेंडरचा मोह आवरत नसेल तर चार्जरच्या हेमी इंजिनापेक्षा मस्टँगचं ५.० लिटरचं बघा. टर्बो चार सिलेंडर मस्टँगमध्ये ठीक आहे, कॅमॅरोमध्ये त्यात फारसा अर्थ नाही. खालचे आकडे २०१५ ते २०२३ च्या मस्टँग आणि चार्जरचे व २०१६ ते २०२४ च्या कॅमॅरोचे आहेत. २.३, ५.० वगैरे इंजिनाचे लिटर; व्ही-६ म्हणजे सहा सिलेंडर, व्ही-८ म्हणजे आठ.

| गाडी आणि इंजिन | हॉर्सपॉवर | टॉर्क (पाउंड-फूट) | पेट्रोल (ऑक्टेन) |
|---|---|---|---|
| मस्टँग २.३ टर्बो चार | ३१० | ३२०; २०१८ पासून ३५० | ८७ चालतं, पूर्ण ताकद ९३ वर |
| मस्टँग ३.७ व्ही-६ (२०१७ पर्यंत) | ३०० | २८० | ८७ |
| मस्टँग ५.० व्ही-८ | ४३५; २०१८ ते २०२१ मध्ये ४६०, पुढे ४५० | ४००; २०१८ ते २०२१ मध्ये ४२०, पुढे ४१० | ८७ चालतं, प्रीमियम बरं |
| चार्जर ३.६ व्ही-६ | २९२ ते ३०० | २६० ते २६४ | ८७ |
| चार्जर ५.७ हेमी | ३७० | ३९५ | ८९ |
| चार्जर ६.४ हेमी | ४८५ | ४७५ | ९१ |
| कॅमॅरो २.० टर्बो चार | २७५ | २९५ | प्रीमियम |
| कॅमॅरो ३.६ व्ही-६ | ३३५ | २८४ | ८७ |
| कॅमॅरो ६.२ व्ही-८ | ४५५ | ४५५ | प्रीमियम |

मस्टँगच्या पहिल्या दोन ओळी जवळजवळ सारख्या दिसतात, पण चालवताना गाड्या अगदी वेगळ्या लागतात. टर्बोचा सगळा टॉर्क ३००० आरपीएमलाच मिळतो, ३.७ चा ४००० ला, आणि ३.७ ची खरी ताकद तर ६५०० च्या आसपास. म्हणजे हायवेवर ओव्हरटेक करताना टर्बोला गिअर पाडावा लागत नाही, ३.७ ला पाडावा लागतो आणि मग ते ओरडत पळतं. शहरातल्या पिकअपसाठी टर्बो सरस, पण पाय दाबल्यावरचा प्रतिसाद व्ही-६ चा जास्त सरळ असतो. ० ते ६० मैलांचा वेग टर्बो मस्टँग साधारण साडेपाच सेकंदांत गाठते, जीटी (५.० व्ही-८ वाली मस्टँग) सव्वाचारच्या आसपास. चार्जर व्ही-६ ला साडेसहा लागतात, ५.७ ला पाचच्या थोडं वर. चार्जरचं वजन चार हजार पाउंडांच्या घरात आहे, मस्टँग टर्बोचं साडेतीन हजारांच्या, त्यामुळे दोघींच्या हॉर्सपॉवरची थेट तुलना करू नये.

आता ॲव्हरेजचा हिशेब, कारण टर्बो घेणारे बहुतेक जण याच मुद्द्यावर घेतात. सरकारी ईपीए आकड्यांनुसार ऑटोमॅटिक टर्बो मस्टँगचं शहर आणि हायवे मिळून ॲव्हरेज गॅलनला सुमारे २५ मैल, ३.७ चं २२. वर्षाला १२,००० मैल धरले तर टर्बोला ४८० गॅलन लागतं, व्ही-६ ला ५४५. फरक ६५ गॅलनचा. पण टर्बोत प्रीमियम (९१ ते ९३ ऑक्टेन) भरलं, तर प्रीमियम रेग्युलरपेक्षा (८७) साधारण १३-१४ टक्क्यांहून महाग असताच बचत संपते. रेग्युलर सव्वातीन डॉलर असेल तर ही मर्यादा ४५ सेंटांच्या जवळ येते, आणि पंपावरचा फरक बहुतेक राज्यांत त्याहून जास्तच असतो. रेग्युलर भरून चालवलं तर पैसे वाचतात, पण ३१० हॉर्सपॉवर मिळत नाही: नॉकिंग (पेट्रोल आपोआप अवेळी पेटणं) टाळायला कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकतो. घेताना ताकदीचे पैसे मोजायचे आणि पंपावर ती सोडून द्यायची, असा तो व्यवहार आहे.

टर्बोची बाजू एका ठिकाणी मात्र निर्विवाद वरचढ आहे, आणि ते म्हणजे उंची. साध्या, म्हणजे टर्बो नसलेल्या, इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे सुमारे ३ टक्के घटते. डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे, म्हणजे तिथे ३.७ व्ही-६ चे १५ टक्के आधीच गेलेले. वर रॉकीजमध्ये गाडी नेली तर आणखी जातात. टर्बो हवा दाबूनच भरतो, त्यामुळे त्याला हा फटका फार कमी बसतो. तिकडच्या लोकांनी एक गोष्ट पाहावी: कोलोराडो आणि आसपासच्या राज्यांत ‘रेग्युलर’ म्हणून ८५ ऑक्टेन मिळतं. टर्बोत ते चुकूनही भरू नये, आणि बाकीच्या इंजिनांतही ८७ च्या खाली जाऊ नये.

चार्जरचं ३.६ पेंटास्टार हे या यादीतलं सगळ्यात शहाणं इंजिन. ८७ ऑक्टेन, ॲव्हरेज २३, आठ गिअरचा, झेडएफ या जर्मन कंपनीच्या घराण्यातला ऑटोमॅटिक, आणि हवा असेल तर ऑल-व्हील ड्राइव्ह. शिकागो, मिशिगन, अपस्टेट न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्यांचा प्रश्न इथेच मिटतो, कारण २०१५ ते २०२३ मध्ये शोरूममधून विकलेल्या चार्जरमध्ये ऑल-व्हील ड्राइव्ह फक्त व्ही-६ सोबत मिळत होता. बिघाड ठरलेले आहेत. पहिला, ऑइल फिल्टरचं हाउसिंग: ते प्लास्टिकचं असून सिलेंडरच्या दोन रांगांच्या मधल्या खोलगट भागात, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली बसतं. उष्णतेने किंवा फिल्टरचं झाकण जास्त आवळल्याने ते गळू लागतं (झाकणावर २५ न्यूटन-मीटर लिहिलेलं असतं, पण ते कोण वाचतो). गळलेलं ऑइल त्या खोलगट भागात साठतं आणि मागून गिअरबॉक्सच्या तोंडाशी ठिबकतं. घाईतला मेकॅनिक त्यालाच रिअर मेन सील (इंजिनाच्या मागच्या टोकाचं ऑइल अडवणारं सील) गेलं म्हणून सांगतो आणि गिअरबॉक्स उतरवायचा खर्च लावतो. आधी इनटेक काढून खाली टॉर्च मारून बघायला सांगा. बदलताना बाजारात मिळणारं ॲल्युमिनियमचं हाउसिंग बसवावं.

दुसरा बिघाड रॉकर आर्मचा (व्हॉल्व्ह दाबणारा छोटा दांडा): त्यातलं रोलर बेअरिंग झिजतं, वरून टिकटिक येते, दुर्लक्ष केलं तर त्याला हलवणाऱ्या कॅमशाफ्टवर खाच पडते. पण पेंटास्टारचे कॅमशाफ्ट हेडमध्ये (सिलेंडरवरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागात) वर असल्यामुळे व्हॉल्व्ह कव्हर काढलं की हात पोहोचतो. २०११ ते २०१३ च्या गाड्यांत डावं हेड खराब होण्याची तक्रार होती. त्या वर्षांची गाडी घेणार असाल तर हेड बदललं का ते विचारा. आणि कूलंट: २०१३ पासून वेगळ्या प्रकारचा आला. जुना नव्यात मिसळला की गाळ होतो, म्हणून टाकीवर लिहिलेलाच भरावा.

हेमीची टिकटिक वेगळी, आणि तिच्यावर थोडं थांबायला हवं. ५.७ मध्ये ती दोन कारणांनी येते. एक म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा बोल्ट तुटणं, बहुधा सगळ्यात मागचा. थंड इंजिन सुरू केल्यावर टिकटिक ऐकू येते, धातू तापून प्रसरण पावला की फट मिटते आणि काही मिनिटांत आवाज जातो. चीड आणणारं, पण जीवघेणं नाही. दुसरं कारण लिफ्टरचं, ज्याला आपल्याकडचे मेकॅनिक टॅपेट म्हणतात. त्याच्या टोकाचा रोलर फिरायचा थांबतो आणि कॅमच्या उंचवट्यावर घासत बसतो. हा आवाज इंजिन गरम झालं तरी जात नाही, पुढे मिसफायरचा (सिलेंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटल्याचा) कोड येतो आणि ऑइलमध्ये धातूची चकाकी दिसते.

हेमीचा कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये आहे. लिफ्टर बदलायचे तर दोन्ही हेड उतरवावी लागतात, कॅम काढायला रेडिएटर आणि पुढचं कव्हर काढावं लागतं, हेडचे गॅस्केट आणि बोल्ट नवे घ्यावे लागतात, आणि एवढं उघडल्यावर सोळाही लिफ्टर बदलणंच शहाणपणाचं. काही हजार डॉलरचं काम. तासन्‌तास आयडलिंगवर उभी राहिलेली इंजिनं यात जास्त सापडतात, असं बऱ्याच मेकॅनिकचं मत आहे, कारण आयडलिंगला कॅमवर उडणारं ऑइल कमी असतं. म्हणूनच लिलावात स्वस्त मिळणारी जुनी पोलिस चार्जर घेताना मैलांपेक्षा इंजिनाचे तास आणि त्यातले आयडलिंगचे तास पाहावेत. मीटरच्या मेनूत ते दिसतात. शिवाय हेमीला प्लगही सोळा आहेत, प्रत्येक सिलेंडरला दोन. इन्शुरन्सचा दर गाडी ठरवण्याआधी व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) देऊन विचारा, कारण हेमीवाल्या गाड्यांच्या चोऱ्या फार होतात आणि कंपन्या ते धरूनच हप्ता लावतात. ६.४ चं काय? गाडी घरातली दुसरी असेल तर जरूर. ते ०डब्ल्यू-४० ऑइल आणि ९१ ऑक्टेनच मागतं, त्यात काटकसर करायची असेल तर घेऊच नये.

मस्टँगच्या ५.० ला वरचे दोन्ही आजार नाहीत. २०१५ ते २०१७ च्या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागे फवारलं जातं, म्हणून व्हॉल्व्ह धुतले जातात. २०१८ पासून तिथेही आणि थेट सिलेंडरमध्येही, म्हणजे कार्बनची चिंता तेव्हाही नाही. थेट फवारा एवढंच असलेल्या इंजिनांत (मस्टँग २.३, कॅमॅरोची तिन्ही) इनटेक व्हॉल्व्हवर काजळी साठते, ६०-८० हजार मैलांनंतर आयडलिंग अडखळू लागलं तर अक्रोडाच्या टरफलांचा भुगा मारून ती साफ करावी लागते. जीटीचं ऑइल २०१७ पर्यंत ८ क्वार्ट (क्वार्ट म्हणजे जवळजवळ एक लिटर), नंतर १० क्वार्ट. म्हणजे पाच क्वार्टचे दोन कॅन लागतात, तेवढं धरून चला. २०१८ पासून दहा गिअरचा ऑटोमॅटिक आला; चालवताना तिसऱ्या ते पाचव्या गिअरमध्ये धक्का बसतो का आणि रिव्हर्स टाकल्यावर गाडी क्षणभर थांबून मग हलते का, एवढं बघा. दोन्ही होत असेल तर ती गाडी सोडा. ३.७ व्ही-६ बद्दल एक गैरसमज आहे: फोर्ड एज, टॉरससारख्या गाड्यांत याच घराण्यातल्या इंजिनाचा पाण्याचा पंप आत, टायमिंग चेनवर चालतो आणि गळला की इंजिनच निकामी करू शकतो. मस्टँगमध्ये तो बाहेर, पट्ट्यावर आहे, तेव्हा त्या भीतीने ही गाडी नाकारू नये.

कॅमॅरोचं ३.६ तिघांतलं सगळ्यात ताकदवान व्ही-६, आणि कॅमॅरो घ्यायची तर तेच. दुखणं इंजिनात कमी, आठ गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये जास्त. साधारण २०१९ च्या सुरुवातीपर्यंतच्या गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा भाग) थरथरतो. ४० ते ६० मैलांच्या वेगात पाय अगदी हलका ठेवून एकसारखं चालवा. रस्त्याच्या कडेच्या खडबडीत पट्ट्यावरून चाक गेल्यासारखं वाटलं तर तोच. नवीन प्रकारचं ट्रान्समिशन ऑइल पूर्ण बदलून बहुतेकदा तो जातो, म्हणून बदलल्याची पावती मागा. मागची काच आणि खांब असे आहेत की दिसत काहीच नाही. पार्किंगमध्ये मागे घेऊन बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

टेस्ट ड्राइव्हला सकाळची वेळ ठरवा आणि गाडी आधी सुरू करू नका असं सांगून ठेवा. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी या. सुरू केल्यावर दहा मिनिटं बाहेर उभं राहून ऐका, मग चालवा, मग पुन्हा ऐका. वीस-तीस डॉलरचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं उपकरण) लावून आधी मिसफायरचे कोड पाहा, आणि कोड नसले तरी ‘रेडिनेस मॉनिटर’ (गाडीचा कॉम्प्युटर स्वतः करतो त्या चाचण्या) पूर्ण झालेत का ते पाहा. चारपाच मॉनिटर अपूर्ण असतील तर कोणीतरी नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढलीय. गाडी शंभरेक मैल चालवून मग पुन्हा दाखवा म्हणायचं. विकणारा टाळाटाळ करू लागला तर दुसरी गाडी बघायची.