गाडीत सीडी प्लेयर नाही, मग आपली गाणी लावायची कशी? ट्रान्समीटर, ऑक्स, ब्लूटूथ, पेनड्राइव्ह सगळं वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

नवीन गाडी घेतली तेव्हा मायलेज, बूट, एअरबॅग सगळं बघितलं पण सीडीची फट आहे का हे बघायचं सुचलंच नाही. मोठा टचस्क्रीन आहे, ब्लूटूथ आहे, दोन यूएसबी आहेत, सीडीला जागा नाही. शोरूममधला मुलगा म्हणाला, ताई आता कुणी सीडी वापरत नाही, मोबाईलवर सगळी गाणी मिळतात. बरोबर आहे त्याचं, सगळी मिळतात, पण माझ्या बाबांचं भजन कुठल्याच अ‍ॅपवर मिळत नाही.

बाबा आमच्या गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे आणि गायचेही. १९९६ ते ९९ मधल्या सप्ताहांची आणि एकादशीच्या भजनांची रेकॉर्डिंग टेपवर केलेली होती, पुढे २००५ च्या आसपास दादाने कोल्हापुरात एका दुकानातून त्यांच्या सीडी करून आणल्या. अशा १४ सीडी, आणि बाबांनी विकत घेतलेल्या नाट्यसंगीत, अभंग, शास्त्रीय वगैरे धरून घरात एकूण ८४. बाबा २०१६ ला गेले. आम्ही पुणे-कोल्हापूर वर्षातून पाच-सहा वेळा करतो आणि तेवढ्या चार-पाच तासांतच हे सगळं शांतपणे ऐकून होतं, त्यामुळे मला हा प्रश्न सोडवायचाच होता.

पहिल्यांदा एफएम ट्रान्समीटर घेतला, तो खरं तर दादाच्या जुन्या गाडीसाठी. तिच्यात रेडिओ-कॅसेटवाला डेक आहे, कॅसेट कधीच बंद पडलीय, रेडिओ चालू आहे. पुण्यात तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, ६५० रुपयांना मिळाला. लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायचा, त्याच्यात पेनड्राइव्ह लावायचा किंवा मोबाईल ब्लूटूथने जोडायचा, आणि त्याच्यावर जो आकडा दिसतो त्याच आकड्यावर गाडीचा रेडिओ लावायचा, म्हणजे तो आपल्यापुरतं छोटं रेडिओ स्टेशनच होतो. अडचण अशी की पुण्यात ९१.१, ९३.५, ९८.३, १०१ अशी मोठी स्टेशनं आधीच जागा धरून बसलेली आहेत आणि या बिचाऱ्या डबीची ताकद फार फार तर काही फुटांची. मोकळी जागा सापडेपर्यंत स्वारगेटहून कात्रज आलं. आणि पुण्यात मोकळी असलेली फ्रिक्वेन्सी सातारा-कराडकडे मोकळी असेलच असं नाही, मध्येच कुणाची तरी जाहिरात गजरात घुसते आणि चालत्या गाडीत आकडा बदलायचा म्हणजे शेजारी कुणीतरी बसलेलंच पाहिजे. एक गोष्ट मात्र मला फार आवडली. नवीन कात्रज बोगद्यात गाडी शिरली तशी मागची खरखर एकदम गेली आणि भजन इतकं स्वच्छ यायला लागलं की आम्ही सगळे गप्प झालो. बाहेरची स्टेशनं आत पोचत नाहीत आणि ट्रान्समीटर गाडीतच असतो, म्हणून. बोगदा संपला की खरखर परत.

आवाजाचं म्हणाल तर एफएमवर साधारण १५ किलोहर्ट्झच्या वरचा, म्हणजे अगदी बारीक उंच आवाजाचा भाग जातच नाही. बाबांचं रेकॉर्डिंग मुळात कॅसेटवरचं असल्यामुळे त्यात मला फार फरक जाणवला नाही, पण विकतच्या शास्त्रीय सीडींमध्ये तानपुऱ्याची जवारी आणि टाळांची किणकिण बोथट होते आणि आलापी हळू असते तिथे आलापीपेक्षा खरखरच जास्त ऐकू येते. ज्या गाडीत नुसता रेडिओ आहे तिच्यासाठी ठीक, ५ पैकी २.

ऑक्सचं थोडक्यात सांगते. दादाच्या मेव्हण्याच्या गाडीत ऑक्सचं, म्हणजे हेडफोनसारखी पिन बसणारं भोक आहे, दीडशे रुपयांची वायर, मोबाईल जोडला की झालं. आवाज ट्रान्समीटरपेक्षा कितीतरी चांगला. पण मोबाईल गाडीच्याच चार्जरवर लावला की स्पीकरमधून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तोही वर चढतो. चार्जर काढून बघा, आवाज थांबला तर तो अर्थिंगचा घोळ आहे, त्यासाठी ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणून छोटी डबी मिळते, ती वायरच्या मध्ये लावली की जातो. बऱ्याच नवीन मोबाईलना तर हेडफोनचं भोकच नसतं, मग अजून एक कनेक्टर घ्या.

ब्लूटूथ माझ्या गाडीत आहे आणि रोज ऑफिसला जाताना मी तेच वापरते, पण लांबच्या रस्त्यावर भजन ऐकायला मला नको वाटतं, कारण विठ्ठलाचा गजर रंगात आलेला असतो आणि मध्येच मॅपवाली बाई डावीकडे वळा म्हणते, कुणाचा फोन आला की सगळं थांबतं, आणि घरात दोन मोबाईल जोडलेले असले की गाडी चालू केल्यावर नेमका ह्यांचा जोडला जातो आणि माझा हातात राहतो.

आता पेनड्राइव्ह. याच्यावर मी पूर्ण एक महिना घातला आणि मनापासून सांगते, स्वतःच्या सीडी असतील तर हेच करा.

लॅपटॉपला आजकाल सीडी ड्राइव्ह नसतो, त्यामुळे बाहेरून यूएसबीला लावायचा डीव्हीडी रायटर घेतला, साधारण दीड हजारात आला. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे, ते ओरखडे असलेली सीडी पुन्हा पुन्हा वाचून बघतं, वेळ खातं पण काम नीट करतं. ३२० केबीपीएस एमपीथ्रीमध्ये तासाभराची सीडी साधारण १४५ एमबी होते, म्हणजे माझ्या ८४ पैकी जेवढ्या निघाल्या त्या सीडी १२ जीबीच्या आसपास बसल्या. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये दोनशे तासांच्या वर गाणी मावतात, आपल्याला मोठा घ्यायची गरज नाही.

आणि मोठा घेऊच नका, त्याचं कारण आहे. मी हौसेने आधी ६४ जीबीचा आणला, गाडीत लावला तर स्क्रीनवर सपोर्ट नाही असा मेसेज. मला वाटलं पेनड्राइव्ह खराब, म्हणून परत तपकीर गल्लीत गेले. तिथल्या काकांनी कॉम्प्युटरला लावून बघितलं आणि म्हणाले, ताई पेनड्राइव्ह चांगलाय, फॉरमॅट वेगळाय. पेनड्राइव्हवर फाइल ठेवायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात, तो एक्सफॅट होता आणि माझ्या गाडीला फॅट३२ लागतं. विंडोजमध्ये राइट क्लिक करून फॉरमॅट करायला गेलं की फॅट३२ हा पर्याय ३२ जीबीपर्यंतच दिसतो, म्हणून ३२ चाच घेतला की हा त्रास नाही. त्यांनी माझा ६४ चा रुफस नावाचं सॉफ्टवेअर वापरून तिथेच फॉरमॅट करून दिला, एक पैसा घेतला नाही, आणि वर सांगितलं की लांब पेनड्राइव्ह गाडीत लावू नका, गिअरजवळ असतो, गुडघा लागला तर पोर्टच तुटतं. म्हणून त्यांच्याकडूनच नखाएवढा छोटा ३२ चा घेतला, तो आता कायम लावलेला असतो. उन्हात गाडी उभी असली की चटका बसेल इतका तापतो, त्यामुळे मी एक पूर्ण कॉपी घरच्या हार्ड डिस्कवर ठेवलीय आणि तुम्हीही ठेवा.

दोन यूएसबी असतील तर एकात नुसतं चार्जिंग असू शकतं, माझ्या गाडीत आर्मरेस्टखालच्या पोर्टवर विजेचं चिन्ह आहे, त्याच्यात पेनड्राइव्ह घातला तर काहीच होत नाही. गाडी बिघडली म्हणून सर्व्हिस सेंटरला जाऊ नका, पुढच्या पोर्टला लावून बघा.

नावांचं एक सांगायचं राहिलं. मी सगळ्या फाइलना हौसेने मराठीत नावं दिली होती. दादाच्या ट्रान्समीटरच्या डबीवर त्यांचे नुसते चौकोन आले आणि माझ्या स्क्रीनवर विठ्ठल मधली वेलांटी एकीकडे, ठ दुसरीकडे. शेवटी इंग्रजी अक्षरांत लिहिली आणि प्रत्येकाच्या आधी ०१, ०२ असे आकडे टाकले, तेही इंग्रजी, आणि त्याच क्रमाने कॉपी केल्या, कारण बऱ्याच गाड्या कॉपी केलेल्या क्रमाने वाजवतात आणि काल्याचा अभंग आधी नि रूपाचा अभंग नंतर असं झालं तर आईला अजिबात चालत नाही. आणि भजन ट्रॅक-ट्रॅक तोडू नका. एमपीथ्रीमध्ये दोन ट्रॅकच्या मध्ये बारीकसा खंड पडतो, चालू गजरात टाळ एक क्षण थांबल्यासारखे वाटतात. मी प्रत्येक सीडीची एकच सलग फाइल केली, आता गाडी बंद करून परत चालू केली तरी जिथे थांबलं तिथून सुरू होतं.

त्या सलग फाइलमुळे अजून एक झालं. टेपचं रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर आणि जय जय राम कृष्ण हरी सुरू व्हायच्या आधी दहा-बारा सेकंद आहेत, त्यात बाबा खाकरतात आणि कुणाला तरी म्हणतात, अरे वीणा जरा इकडं घे. ट्रॅक पाडताना दुकानवाल्याने तेवढा भाग ट्रॅकच्या आधीच्या मोकळ्या जागेत टाकला होता, त्यामुळे जुन्या प्लेयरवर तो कधी वाजलाच नाही. या दिवाळीत खेड शिवापूरचा टोल ओलांडला आणि तो आवाज पहिल्यांदा आला, मागे बसलेली आई पुढे झुकून म्हणाली, थांब, परत लाव. आनेवाडीपर्यंत तेवढेच दहा सेकंद किती वेळा लावले ते मी मोजलं नाही.

पेनड्राइव्हला ५ पैकी साडेचार. अर्धा कापला तो तापण्यासाठी.

दादासाठी दुसरा पेनड्राइव्ह भरून ठेवलाय, तो आता डेक काढून यूएसबीवाला स्टीरिओ बसवून घेतोय, म्हणजे ट्रान्समीटरचं काम संपलं. १४ पैकी १२ सीडी नीट निघाल्या. दोन सीडींवर दुकानवाल्याने कागदी स्टिकर चिकटवला होता, तो सोलताना वरची चकचकीत पापुद्री पण निघाली आणि ड्राइव्ह त्यांना हातच लावत नाही. मूळ कॅसेट २०१९ च्या पुरात गेल्या. न निघालेल्या त्या दोन सीडींपैकी एकीत १९९८ च्या सप्ताहाचं काल्याचं कीर्तन आहे, साथीला बाबा. कोल्हापूर, सांगली, पुणे कुठेही असल्या सीडीतून निघेल तेवढं काढून देणारं कुणी माहीत असेल तर कृपया सांगा, मी स्वतः घेऊन येईन.