रेडिओमास्टर बॉक्सर: काही महिने विमानं उडवल्यानंतर

फ्लायस्कायच्या आय-६ या सहा चॅनलच्या रेडिओवर, म्हणजे मॉडेल विमानाच्या रिमोटवर, शिकलेला माणूस कधी ना कधी अडतोच. माझं अडलं ते बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) नव्या विमानापाशी. दोन पंखांत विमान कलवणाऱ्या एलेरॉन पट्ट्यांच्या दोन छोट्या मोटरी (सर्वो), शिवाय उतरताना वेग कमी करणारे फ्लॅप आणि आत ओढता येणारी चाकं. प्रत्येक हालचालीला एक चॅनल लागतो, सहा चॅनलमध्ये हे बसेना. फर्मवेअर बदलून आय-६ चे दहा चॅनल करता येतात, पण मला मिक्सिंगची (एका स्टिकवर अनेक सर्वो जोडण्याची) मोकळीकही हवी होती, म्हणून रेडिओच बदलायचं ठरवलं. पावसाळ्याच्या आधी रेडिओमास्टरचा बॉक्सर घेतला, आत २.४ गिगाहर्ट्झचं ईएलआरएस मॉड्यूल असलेला. ईएलआरएस म्हणजे रेडिओ आणि विमानातला रिसीव्हर यांना जोडणारी बिनतारी प्रणाली. पावसाळाभर टेबलावर सेटिंग चाललं आणि आभाळ उघडल्यापासून दर रविवारी माळावर आहे.

निवडताना समोर रेडिओमास्टरचेच तीन पर्याय होते: टीएक्स१६एस, पॉकेट आणि बॉक्सर. टीएक्स१६एसचा रंगीत टचस्क्रीन घरात देखणा दिसतो, पण आपल्याकडच्या उन्हात मला साधा काळा-पांढरा स्क्रीन जास्त स्पष्ट वाचता येतो, आणि बॉक्सरला तोच आहे. पॉकेट स्वस्त आणि सुटसुटीत आहे, पण त्याच्या आखूड स्टिकवर एलिव्हेटरची (विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या पट्टीची) बारीक हालचाल माझ्या बोटांना जमत नाही. तिन्हींवर एजटीएक्स हेच सॉफ्टवेअर चालतं, त्यामुळे एकावर शिकलेलं दुसऱ्यावर वाया जात नाही.

फ्रीक्वेन्सीबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगतो. परदेशी व्हिडिओ पाहून ९१५ मेगाहर्ट्झचं मॉड्यूल मागवू नका. आपल्याकडे तो पट्टा परवानामुक्त नाही. २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून ठरलेल्या पॉवर मर्यादेत परवान्याशिवाय वापरता येतो, आणि आपल्या कामाला तो भरपूर आहे. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे मॉडेल विमान नजरेच्या टप्प्यातच उडवायचं असतं आणि ड्रोन नकाशातल्या हिरव्या, म्हणजे पूर्वपरवानगी न लागणाऱ्या, क्षेत्रात ४०० फुटांपर्यंतच न्यायचं असतं. त्यासाठी १०० मिलीवॉट पुष्कळ झाले. बॉक्सरमध्ये १ वॉटपर्यंत सोय आहे, ती मी कधी वापरलेली नाही आणि तिची गरजही पडलेली नाही.

आता हाताळणी. गिंबल (स्टिकची यंत्रणा) हॉल सेन्सरचे, म्हणजे चुंबकाने स्थिती ओळखणारे आहेत; आत घासून झिजणारा पोटेन्शिओमीटर नाही. पावसाळ्याच्या दमट हवेनंतरही स्टिक मध्यावर सोडली की आकडा शून्यावरच येतो. थ्रॉटलला (मोटरचा वेग ठरवणाऱ्या स्टिकला) रॅचेट, म्हणजे खाचाखाचांनी सरकणं, हवी की स्टिक गुळगुळीत फिरायला हवी, ते मागच्या स्क्रूने ठरवता येतं. विमानासाठी रॅचेटच ठेवा. उतरताना थ्रॉटल दोन खाचा खाली आणली हे न बघता कळतं, ही सोय फार मोलाची आहे. बॅटरी मात्र वेगळी घ्यावी लागते, ७.४ व्होल्टची लिथियम-आयन. ऑर्डर देतानाच तिचा हिशेब धरा.

खरा मुद्दा सेटिंगचा आहे. ईएलआरएस मुळात रेसिंग ड्रोनवाल्यांमध्ये रुजलं आणि त्याची रचना त्यांच्या सोयीची आहे. ड्रोनला चार चॅनल बारीक लागतात, बाकी सगळे नुसते स्विच. म्हणून नेहमीच्या मोडमध्ये पाचवा चॅनल फक्त चालू किंवा बंद एवढंच जाणतो, कारण तो ड्रोन ‘आर्म’ करण्यासाठी, म्हणजे त्याच्या मोटरी चालू व्हायला मोकळ्या करण्यासाठी, राखलेला आहे. आपण विमानवाले सवयीने दुसरा एलेरॉन पाचव्यावर टाकतो. तसं केलं तर एका पंखाचा एलेरॉन नीट हलतो आणि दुसऱ्याचा एका टोकावरून दुसऱ्या टोकावर उडी मारतो. स्विच मोड (बाकीचे चॅनल किती बारकाईने पाठवायचे ते ठरवणारं सेटिंग) हायब्रिड असेल तर सहाव्या चॅनललाही सहाच पायऱ्या मिळतात.

यावर उपाय सोपा आहे. पॅकेट रेट, म्हणजे सेकंदाला किती वेळा आज्ञा पाठवायची तो आकडा, ‘१०० हर्ट्झ फुल’ निवडा, स्विच मोड आठ चॅनलचा ठेवा, पाचवा मोकळा सोडा आणि दुसरा एलेरॉन सहाव्यावर घ्या. फ्लॅप सातव्यावर, चाकं आठव्यावर. स्विच मोड बदलताना रिसीव्हर बंद हवा, नाहीतर तो बदलतच नाही. पीडब्ल्यूएम रिसीव्हरवर (ज्याला सर्वो थेट जोडतात) कुठल्या पिनला कुठला चॅनल द्यायचा हेही बदलता येतं. रिसीव्हर एकट्याने चालू करून सुमारे मिनिटभर थांबलं की त्याचं वायफाय सुरू होतं, मग फोनच्या ब्राउझरमध्ये १०.०.०.१ उघडायचं. ५०० हर्ट्झच्या मागे लागू नका. साधा अॅनालॉग सर्वो सेकंदाला ५० वेळाच आज्ञा घेतो, आणि पॅकेट रेट जितका कमी तितका रिसीव्हर क्षीण सिग्नलही पकडतो.

दुसरी महत्त्वाची गोष्ट ‘मॉडेल मॅच’. ईएलआरएसमध्ये बाइंडिंग फ्रेज नावाचा परवलीचा शब्द असतो. तो सगळ्या रिसीव्हरमध्ये एकच भरला की प्रत्येक विमान आपोआप जोडलं जातं. इथेच धोका आहे. रेडिओवर ग्लायडरचं मॉडेल निवडलेलं असेल आणि समोर ट्रेनर (शिकाऊ विमान) असेल, तरी सर्वो हलतात. एलेरॉन उलटे हलत असले तर ते विमान हातातून सुटल्यावरच कळतं. म्हणून प्रत्येक मॉडेलला वेगळा रिसीव्हर नंबर द्या, रिसीव्हर जोडलेला असताना ‘मॉडेल मॅच’ चालू करा, आणि मग मुद्दाम चुकीचं मॉडेल निवडून सर्वो गप्प राहतात का ते बघा. ही तपासणी मी नव्या विमानाला मोटर बसवायच्या आधी करतो.

फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावर विमानाने काय करायचं ते सेटिंग, तपासताना प्रोपेलर काढा. थ्रॉटल अर्ध्यावर नेऊन रेडिओ बंद करा. रिसीव्हर अजून जोडलेला आहे असा इशारा रेडिओ देईल, तरी बंद करा. मोटर लगेच थांबली पाहिजे. काही जण फेलसेफला ‘शेवटची स्थिती’ निवडतात, ते मला मान्य नाही. सिग्नल गेलेलं विमान मोटर चालू ठेवून शेजारच्या शेतात राबणाऱ्या माणसांकडे जाऊ शकतं. थ्रॉटल कटही (मोटर चुकून सुरू होऊ न देणारी सोय) वेगळ्या स्विचवर हवाच: रेडिओच्या ‘स्पेशल फंक्शन’ पानावर थ्रॉटलचा तिसरा चॅनल ओव्हरराइड करून उणे १०० वर ठेवायचा आणि ती ओळ सक्षम केल्याची खूण तपासायची.

रेट (पट्ट्या जास्तीत जास्त किती हलाव्यात) आणि एक्स्पो (स्टिकच्या मध्याजवळ प्रतिसाद किती मऊ असावा) यांबद्दल थोडक्यात. एजटीएक्समध्ये अधिक चिन्हाचा एक्स्पो स्टिकचा मध्य मऊ करतो. फुताबा कंपनीच्या रेडिओवरून येणाऱ्यांची सवय नेमकी उलटी असते, त्यामुळे जुने आकडे चिन्हासकट उतरवू नका. पहिल्या उड्डाणाला मी ७० टक्के रेट आणि ३० टक्के एक्स्पोने जातो.

मला सर्वांत आवडलेली सोय आवाजाची आहे. एसडी कार्डावर स्वतः रेकॉर्ड केलेली वेव्ह फाइल टाकली की रेडिओ तीच बोलतो. माझा रेडिओ ‘चाकं खाली’, ‘मोटर बंद’, ‘बॅटरी संपत आली, उतरा’ असं मराठीत सांगतो. बॅटरीचा इशारा तीन सेलच्या पॅकला १०.५ व्होल्टवर लावला आहे. त्यासाठी मुख्य बॅटरीची तार जोडायची सोय असलेला रिसीव्हर निवडावा लागतो. नजर विमानावरून न हलवता हे सगळं कानावर येतं. शिकणारी मुलं सोबत असतात तेव्हा त्यांनाही ते कळतं.

घ्यायचा विचार असेल तर विक्रेत्याकडून तीन गोष्टी आधी लेखी घ्या: मोड २ (थ्रॉटल डाव्या स्टिकवर) आहे ना, आतलं मॉड्यूल ईएलआरएस आहे की ४-इन-१ (अनेक कंपन्यांचे रिसीव्हर चालवणारं), आणि रिसीव्हरच्या फर्मवेअरचा मुख्य आकडा रेडिओतल्या मॉड्यूलशी जुळतो का. तो जुळला नाही तर दोन्ही एकमेकांना ओळखतच नाहीत. जुने फ्लायस्काय रिसीव्हर घरात पडून असतील तर ४-इन-१ बरं. सगळं नव्याने सुरू करत असाल तर ईएलआरएसच घ्या. आणि अजून पहिलाच चार चॅनलचा फोम ट्रेनर उडवायला शिकत असाल, तर आय-६ विकू नका. तो तुमचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत पुरेल, आणि वाचलेल्या पैशांत दोन जादा बॅटऱ्या येतील.