वर्गातल्या भाषणाला गुण द्यायचे कसे?

1 ऑगस्टला शाळाशाळांत टिळकांवर भाषणं होतात. ‘अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग...’ म्हणत गाडी सुसाट सुटते, शेंगांच्या टरफलांपाशी शब्द अडतो आणि मूल पुन्हा ‘अध्यक्ष महोदय’पासून सुरू करतं. याला दहापैकी किती द्यायचे?

भाषण ऐकून एकच आकडा लिहिणं ही सगळ्यांच्या सवयीची पद्धत. वेळ वाचतो. पण सुरुवातीच्या मुलांना हात आखडता राहतो, नंतरच्यांना सैल सुटतो, आणि दहापैकी सहा मिळाले तर नक्की काय सुधारायचं हे मुलाला कळत नाही. स्पर्धेत दोन-तीन परीक्षक असतील आणि फक्त क्रमांक काढायचे असतील, तर ती चालेल.

वर्गासाठी मी निकषांचा तक्ताच निवडेन. निकष चारच ठेवा, पण पायऱ्या नेमक्या लिहा. ‘आवाज चांगला’ याला अर्थ नाही. ‘शेवटच्या बाकावर ऐकू येतो’, ‘मधल्या बाकापर्यंतच येतो’ असं लिहिलं की वाद उरत नाही. ‘शुद्ध उच्चार’ हा रकाना मात्र काढून टाका. घरी ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाचे गुण तिथे हकनाक जातात. त्याऐवजी ‘सांगितलेलं वर्गाला समजलं का’ हे बघा.

मोबाइलवरचं चित्रीकरण मुलाला सर्वात जास्त शिकवतं. आपण किती भरभर बोलतो हे त्याचं त्यालाच दिसतं. अडचण वेळेची आहे: 40 मुलं, प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणजे नुसतं बघायलाच दोन तास. म्हणून प्रत्येकाचं वर्षातून दोनदाच करा, पालकांना विचारून करा आणि कुठल्याही ग्रुपवर टाकू नका.

मुलांनी एकमेकांना गुण देऊ नयेत, मैत्री आड येते. ‘काय आवडलं’ एवढं सांगू द्या.

पद्धत कुठलीही घ्या, भाषणानंतर एक प्रश्न जरूर विचारा, कारण पाठांतर संपून बोलणं तिथे सुरू होतं. पाचवीतल्या एका मुलीला मी विचारलं, ‘तू त्या वर्गात असतीस तर?’ ती थांबली, खिडकीकडे बघितलं आणि म्हणाली, ‘टरफलं मी उचलली असती बाई, पण कुणी टाकली तेही सांगितलं असतं.’ आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर वर्गातल्या कामावरून होणाऱ्या मूल्यमापनात, ‘तोंडी काम’ असतं, त्याच्या नोंदीत हे उत्तर मी तिच्याच शब्दांत उतरवलं.