लिब्रेएनएमएस : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात पाच इमारती, दोन वसतिगृहे आणि सगळे मिळून 43 स्विच (संगणकांना एका जाळ्यात जोडणारी उपकरणे) आहेत. गेल्या ऑगस्टपर्यंत या जाळ्याचा नकाशा म्हणजे सर्व्हर रूमच्या दाराला आतून चिकटवलेला, माझ्याआधीच्या गृहस्थांच्या हस्ताक्षरातला एक कागद होता, आणि त्यावरचे तीन स्विच केव्हाच भंगारात गेले होते. निदान खरा नकाशा हाती यावा, एवढ्याच अपेक्षेने मी लिब्रेएनएमएस ही जाळ्यावर देखरेख ठेवणारी प्रणाली बसवली. नकाशा मिळाला; मात्र रोज सकाळी चहाबरोबर उघडतो ते पान आलेखांचे असते.

ऑब्झर्व्हियम या प्रणालीपासून 2013 मध्ये वेगळी झालेली ही मुक्त प्रणाली आहे. परवान्याचे पैसे नाहीत, किती उपकरणे जोडावीत यावर बंधन नाही. कार्यालयातून बाद झालेल्या एका डेस्कटॉपवर उबंटू ही कार्यप्रणाली टाकून दोन संध्याकाळींत ती उभी राहिली. काही चुकले तर तपासणीची आज्ञा चूक नेमकी कोठे आहे ते सांगते, हे विशेष.

नकाशाबाबत आधीच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही प्रणाली स्वतः काही शोधून काढत नाही. ती एसएनएमपीवरून, म्हणजे उपकरणांकडून माहिती मागवण्याच्या ठरावीक पद्धतीने, प्रत्येक स्विचला ‘तुझ्या कोणत्या पोर्टला कोण शेजारी आहे’ असे विचारते, आणि स्विच एलएलडीपीतून, म्हणजे शेजारची उपकरणे एकमेकांना आपली ओळख सांगतात त्या पद्धतीतून, कळलेली माहिती पुढे करतो. ज्याला एलएलडीपी ठाऊकच नाही असा प्रयोगशाळेतला आठ पोर्टांचा साधा डबा नकाशावर येत नाही. त्यातून काही डबे शेजाऱ्याची ओळख तशीच पुढे ढकलतात, त्यामुळे दोन टोकांचे स्विच एकमेकांना थेट जोडलेले दिसतात. अशा एका ‘थेट’ जोडणीच्या मागे मी दोन दिवस फॉल्स सीलिंगमध्ये डोके घालून हिंडलो आणि शेवटी धुळीत बसलेला तो डबा सापडला. त्याचा अ‍ॅडॉप्टर पिवळा पडला होता, पण बिचारा चालू होता.

खरा उपयोग जानेवारीत झाला. ग्रंथालयात दुपारी नेट अडखळते, अशी तक्रार होती; मी सकाळी जाऊन पाहिले की सारे सुरळीत. वाहतुकीचा आलेख निर्दोष होता, एक गिगाबिटच्या फायबरवर जेमतेम 60 मेगाबिट. त्याच पोर्टचा त्रुटींचा आलेख उघडला, तर दुपारी साडेबाराला चढून पाचच्या सुमारास उतरणारी एक टेकडीच दिसली. आमचे स्विच फायबर मॉड्यूलला (फायबर केबल स्विचला जोडणाऱ्या भागाला) मिळणाऱ्या प्रकाशाची तीव्रताही सांगतात. ती सकाळी उणे 16 डीबीएम (प्रकाशशक्तीचे एकक; उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश क्षीण) असायची आणि दुपारी उणे 21 पर्यंत घसरायची. समोरच्या टोकाच्या मॉड्यूलचे तापमान नेमके त्याच वेळी वाढत होते. ते टोक पश्चिमेच्या भिंतीवरच्या पत्र्याच्या पेटीत होते आणि पेटीचा पंखा बंद पडला होता. पंखा बदलला, टेकडी सपाट झाली. तक्रार करणाऱ्या ग्रंथपालबाईंना मी तो आलेख छापून दिला, तेव्हा त्यांनी तो काचेखाली ठेवला.

तो वेळेवर छापला हे बरे झाले. मूळ मांडणीत पाच मिनिटांच्या अंतराने घेतलेली मोजणी साधारण आठवडाभरच त्या बारकाव्याने टिकते. पुढे तिची अर्ध्या तासाची, मग दोन तासांची सरासरी उरते आणि टोके बोथट होत जातात. सेवा पुरवठादाराशी वाद घालायचा असेल तर चित्र त्याच आठवड्यात जपून ठेवावे. पाच मिनिटांच्या आत येऊन गेलेला झटकाही सरासरीत विरून जातो, हेही विसरू नये.

सूचनांनी मात्र आरंभी जीव नकोसा केला. सप्टेंबरात मुख्य इमारतीची वीज गेली आणि यूपीएस संपला, त्या रात्री टेलिग्रामवर 31 संदेश आले. त्यांतला कामाचा एकच होता. कोणता स्विच कोणाच्या पोटी आहे हे नोंदवले की वरचा बंद पडल्यावर खालच्यांबद्दलच्या सूचना दबतात, पण ते नाते मला एकेका उपकरणासाठी हाताने भरावे लागले. शेजारी कोण हे प्रणालीला ठाऊक असते. वडीलधारा कोण हे तिला सांगावे लागते. मेमधल्या वळवाच्या पावसात वसतिगृहाकडची तांब्याची केबल आणि तिच्या दोन्ही टोकांचे पोर्ट जळाले, तेव्हा पहाटे तीनला एकच संदेश आला आणि कोठे जायचे हे अंथरुणातच कळले.

यंत्राबाबत एक सल्ला : जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर हे चालवू नये. प्रत्येक पोर्टच्या आलेखाची वेगळी फाइल दर पाच मिनिटांनी लिहिली जाते, आणि हजारभर पोर्ट झाल्यावर आमची डिस्क अक्षरशः धापा टाकू लागली. एसएसडी बसवल्यावर तो त्रास संपला. मूळ मांडणीत प्रणाली रोज रात्री स्वतःला अद्ययावत करते. एकदा त्यातून पान उघडेनासे झाले, तेव्हापासून मी तिला मासिक आवृत्तीवर ठेवले आहे.

दुसऱ्या वसतिगृहातल्या तीन स्विचना एसएनएमपी येत नाही, म्हणून त्यांना केवळ पिंग करून, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येते का ते पाहून, जिवंत आहेत का एवढेच पाहतो. ते बदलण्याचा प्रस्ताव लेखा विभागाकडे गेला आहे, सोबत पेटीच्या पंख्याचा तोच आलेख जोडून.