पोटफुगीवर कमी फॉडमॅप आहार: कोल्हापुरी स्वयंपाकघरात काही महिने वापरून

जेवल्यावर पोट टुम्म होणं, संध्याकाळपर्यंत साडीची गाठ सैल करावी लागणं, गॅस अडकून बरगडीखाली कळ येणं. कित्येक वर्षं हे चालू होतं, आणि घरात त्याचं कारण एकच ठरलेलं होतं: तिखट. आमच्या सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. त्यांचं रोजचं पालुपद, "तिखट कमी कर बाई, आपोआप बरं वाटंल." केलं कमी. आळणी आमटी गिळली. पोट तसंच फुगत राहिलं.

मिरचीतल्या कॅप्सेसिनने काहींच्या पोटात आग होते, कळ येते, हे खरं. पण त्याचा आतड्यात गॅस होत नाही. गॅस होतो तो लहान आतड्यात न पचता पुढे सरकणाऱ्या कर्बोदकांचा. मोठ्या आतड्यातले जिवाणू ती आंबवतात, त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहीजणांत मिथेन तयार होतो. शिवाय यांतली काही कर्बोदकं आतड्यात पाणीही ओढून घेतात. या सगळ्या गटाला फॉडमॅप म्हणतात, आणि तो ठरावीक काळ कमी करून पाहण्याची पद्धत ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या संशोधकांनी विकसित केली.

सुरुवात मात्र डॉक्टरांकडून झाली, आणि तीच व्हावी असं मी आग्रहाने सांगेन. रक्त, थायरॉइड, सोनोग्राफी आणि सिलिअॅकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) रक्तचाचणी आधी झाली. ही शेवटची चाचणी गहू खाणं चालू असतानाच करायची असते. गहू बंद करून गेलात तर आजार असूनही तो चाचणीत दिसत नाही असं होऊ शकतं. वजन उतरणं, शौचातून रक्त, हिमोग्लोबिन घटणं, झोपेतून उठवणारं दुखणं यांपैकी काही असेल तर आहाराचे प्रयोग बाजूला ठेवून थेट तपासणी करा. पन्नाशीच्या आसपासच्या बायकांना तर हात जोडून सांगते: नव्याने सुरू झालेली आणि न हटणारी पोटफुगी "गॅस आहे" म्हणून अंगावर काढू नका. अंडाशयाच्या कर्करोगाची सुरुवात तशीच दिसू शकते.

पहिला टप्पा दोन ते सहा आठवड्यांचा. कांदा, लसूण, गहू, दूध, बहुतेक कडधान्यं, सफरचंद, आंबा, काजू बंद. आता कोल्हापुरात कांदा-लसूण बंद म्हणजे स्वयंपाकाचा कणाच काढायचा! उन्हाळ्यात वर्षाचा कांदा-लसूण मसाला करून बरणी भरलेली असते, आणि तो आमटीपासून रश्शापर्यंत सगळ्यात पडतो. मी ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची, धणे, तीळ, खोबरं घेऊन कांदा-लसणाशिवाय वेगळं तिखट कुटून घेतलं. तांबडा रस्सा त्यावर केला, आलं-कोथिंबीर सढळ हाताने घातली. झणका तसाच राहिला आणि पोट शांत राहिलं. तिखटावरचा आळ तिथेच गेला.

खरी सोय झाली ती तेलाने. कांदा-लसणातलं फ्रुक्टान (फॉडमॅप गटातलंच एक कर्बोदक) पाण्यात उतरतं, तेलात उतरत नाही. म्हणून गरम तेलात अख्ख्या लसूणपाकळ्या परतायच्या आणि पाण्याचा थेंब पडायच्या आत काढून टाकायच्या. वास राहतो, त्रास जातो. रश्शात अख्खा कांदा शिजवून नंतर काढला तर मात्र उपयोग नाही, कारण पाण्यात फ्रुक्टान उतरलेलं असतं. हे लसणाचं तेल रोजच्या रोज करावं. बाहेर साठवलं तर बोट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या गंभीर विषबाधेचा, धोका असतो. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग चालतो. चपातीऐवजी ज्वारीची भाकरी, हा बदल आपल्याकडे अंगवळणी पडलेलाच आहे.

काही आठवड्यांत फरक दिसला. पण बरेचजण इथेच थांबतात आणि जन्मभर कांदा सोडून बसतात, ते चूक आहे. फॉडमॅप हे आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचंही खाद्य आहे. दुसऱ्या टप्प्यात एकेक गट वाढत्या प्रमाणात परत आणून बघायचा, आणि याच टप्प्याने मला सगळ्यात जास्त शिकवलं. दोन चपात्या सहज चालल्या. दही चाललं, चहातलं दूध चाललं, पण गंगावेशीतल्या कट्ट्यावर पेलाभर धारोष्ण दूध प्यायले की तासा-दोन तासांत पोटात गुडगुड सुरू. दुधात साधारण पाच टक्के लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, असतं, विरजताना त्यातलं थोडं कमी होतं. लसूण थोडा चालतो. कांदा परतलेला असला तरी एका वेळी मूठभर चालत नाही. मिसळीत तर मटकी, कांदा, वर शेव-फरसाण आणि सोबत ब्रेड, सगळंच एका ताटलीत येतं. ती आता महिन्याकाठी, घरी, मटकी रात्रभर भिजवून आणि ते पाणी ओतून देऊन.

बाकीच्या उपायांबद्दल थोडक्यात. सिमेथिकोनच्या गोळ्या आतड्यातले बुडबुडे फोडतात, गॅस तयार होणं थांबवत नाहीत. मला फारसा फरक पडला नाही. ओवा-हिंगाने तात्पुरतं हलकं वाटतं. बद्धकोष्ठासाठी इसबगोल चांगलं लागू पडलं, आणि मळ साचलेला असेपर्यंत पोटफुगी हटत नाही. जेवणानंतर रंकाळ्यावर रमतगमत फेरी मारली की गॅस पुढे सरकतो, हे रोज जाणवतं.

एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती. काहींचं पोट दिसायला फुगतं तेव्हा आत गॅस फारसा वाढलेलाच नसतो. श्वासपटल खाली दाबलं जातं आणि पोटाचे स्नायू सैल पडतात. त्यासाठी पोटाने संथ श्वास घेण्याचा सराव करतात. मी तो जेवणानंतर करते. दुपारचा ताण त्याने बराच उतरतो. आणि दिवसातून दहा-वीस वेळा वारं सरणं हे निरोगी माणसाचंही असतं, त्याला औषध शोधू नये.

आधीच वजन कमी असलेल्यांनी, लहान मुलांनी, गरोदर बायकांनी किंवा खाण्याबद्दल मनात भीती असलेल्यांनी हा प्रयोग आहारतज्ज्ञाशिवाय करू नये. त्यांच्यासाठी आहारतज्ज्ञ कधीकधी मोजकेच पदार्थ काही दिवस कमी करून पाहतात.