पहिला तवा कुठला घ्यायचा, बिडाचा की नॉनस्टिक?

भाची नोकरीसाठी पुण्यात रूम घेऊन राहतेय, काल फोन करून विचारते मामी एकच तवा घ्यायचाय, कुठला घेऊ. दोन्ही वापरलेत म्हणून सांगते.

किमतीत सुरुवातीला फार फरक नाही. पण नॉनस्टिकचं कोटिंग रोजच्या वापरात दोनतीन वर्षांत जातंच, बिडाचा आमच्याकडे सासूबाईंच्या वेळचा अजून चालू आहे.

मेहनत मात्र बिडाला जास्त. नवीन आणला की धुवून पुसून तेल लावून तापवायचा, असं चारपाच वेळा, तरी पहिले दोन डोसे चिकटणारच, रडायचं नाही, कांदा अर्धा कापून तेलात बुडवून फिरवायचा. धुतल्यावर ओला ठेवला की गंजलाच. आणि वजन! एका हाताने उचलायला जाऊ नका. नॉनस्टिकवर घावन, ऑम्लेट पहिल्या दिवसापासून थेंबभर तेलात सुटतात, फक्त लाकडी उलथणं वापरा आणि घासणी नको.

खरा फरक आचेचा. भाकरीला तवा कडक तापवावा लागतो आणि नॉनस्टिक रिकामा मोठ्या आचेवर ठेवायचाच नसतो, साधारण 260 अंशांच्या वर कोटिंग खराब व्हायला लागतं. इंडक्शन असेल तर बीड सरळ चालतं, नॉनस्टिकचं बूड इंडक्शनवर चालणारं आहे का बघून घ्या.

भाकरी, थालीपीठ रोज करणार असाल तर बीडच. सकाळी अंडं नाहीतर डोसा करून पळायचं असेल तर नॉनस्टिक. भाचीला नॉनस्टिकच सांगितला, भाकरी तिला कुठे येतेय अजून!