कामावर घरची बोली बोलावी की प्रमाण मराठी?

लातूर, नांदेड, धाराशिवकडून शिकून छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींत किंवा पुण्यात नोकरीला लागलेल्या मुलामुलींना पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न पडतो, आणि तो क्षुल्लक नाही.

अहवाल, ईमेल आणि अर्ज यांत प्रमाण मराठीच हवी, कारण कागद आपल्या माघारी वाचला जातो आणि आपला सूर त्याच्यासोबत जात नाही. बोलण्याचे तसे नाही. ‘मी अहवाल पाठवलो’ असे म्हणणाऱ्या सहकाऱ्याला पुण्यातल्या बैठकीत हसलेले मी पाहिले आहे. प्रमाण मराठीत भूतकाळात हे क्रियापद अहवालाप्रमाणे चालते, म्हणून ‘पाठवला’. लातूर-नांदेडकडे ते अनेकांच्या बोलण्यात पाठवणाऱ्याप्रमाणे चालते, जसे शेजारच्या कन्नड आणि तेलुगूतही चालते. म्हणजे ही चूक नसून वेगळा नियम आहे. पण हसणाऱ्याला ते ठाऊक नसते, आणि ज्याचे हसे झाले तो पुढच्या बैठकीत तोंड उघडत नाही. माझ्या मते खरे नुकसान ते आहे.

बोलीचे बळ कारखान्यात दिसते. रात्रपाळीचा ऑपरेटर सुपरवायझरला म्हणाला, ‘साहेब, तीन नंबरच्या मशीनचं बेअरिंग आवाज करायलंय, उद्यापस्तोर टिकंल असं वाटत न्हाई.’ साहेब तडक उठले. त्याच पाळीतला एक पदवीधर आठवडाभर अतिशय शुद्ध भाषेत ‘मला आपले असे वाटते की, शक्य झाल्यास, यंत्राकडे जरा लक्ष द्यावे’ असे सांगत होता आणि त्याचे कोणी मनावर घेत नव्हते. कोणते मशीन, काय बिघडले आणि किती वेळ हातात आहे, हे तिन्ही त्याच्या वाक्यात नव्हते. शुद्धतेच्या नादात त्याने नेमकेपणा घालवला होता. ‘जमलं तर बघा’, ‘माझी आपली एक शंका’ ही आधीच घेतलेली माघार बोलीतही तितकाच घात करते.

म्हणून निवड करायचीच, तर लिहिताना प्रमाण आणि कामगारांशी किंवा शेतकऱ्यांशी बोलताना बोली, हे मला निर्विवाद वाटते. अडचण बैठकीची आहे. तिथे सूर घरचा असू द्यावा, परंतु ज्या एकदोन रूपांवर लोक अडखळतात ती बदलून घ्यावीत, आणि आकडा व तारीख पहिल्याच वाक्यात सांगावी. यात कमीपणा नाही. १९४८ पर्यंत निजामाच्या कचेरीत उर्दू चालत असे, आणि तिथे काम असलेल्या मराठवाड्यातल्या माणसाला बाहेर एक आणि घरात एक अशा दोन भाषा सांभाळाव्याच लागत.

मुलाखतीत मात्र मी प्रमाण मराठीकडेच झुकेन, कारण तिथे ओळख व्हायला अर्धा तासही मिळत नाही. नोकरी लागल्यावर ‘करायलंय’ म्हणायला पुढे वर्षे असतात.